प्रश्न वाचकांचे : ध्रुवावरून चंद्रग्रहण

मागच्या अंकात अंटार्क्टिकातल्या हिवाळ्याबद्दल लिहिताना मी चंद्रग्रहणाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच देतो. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘‘मैत्री केंद्रावरून खग्रास चंद्रग्रहण पाहिलं’ एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. जिथे दोन महिने सूर्य उगवत नाही, तिथे ग्रहण दिसतं तरी कसं? इतर ठिकाणांपेक्षा त्यात वेगळं काय? जरा सविस्तर लिहा.’’ (भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. जिथे सूर्य उगवत नाही, तिथेच चंद्रग्रहण सगळ्यात निर्धोकपणे दिसतं. ग्रहण लागलेला चंद्र आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो, तसा असल्याशिवाय ग्रहण लागतच नाही. मग सूर्य जर चोवीस तास क्षितिजाखाली असेल, तर त्याच्या समोरचा चंद्र चोवीस तास क्षितिजावर असणार. म्हणून ध्रुवीय रात्रीत येणारं प्रत्येक चंद्रग्रहण स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे लागल्यापासून सुटेपर्यंत, पूर्ण दिसतं. चंद्रोदयाआधी ग्रहण लागलं, किंवा ग्रहण सुटायच्या आत चंद्र मावळला, ही तक्रार तिथे नाही. उलट ध्रुवीय उन्हाळ्यात, सूर्य मावळत नाही तेव्हा, एकही चंद्रग्रहण दिसत नाही.

ग्रहणांचे हंगाम साधारण सहा महिन्यांच्या अंतराने येतात. त्यामुळे बहुतेक वर्षी एक हंगाम उत्तर ध्रुवाच्या वाट्याला येतो आणि एक दक्षिण ध्रुवाच्या. २०१८ मध्ये ३१ जानेवारीचं ग्रहण उत्तरेचं होतं, २७ जुलैचं दक्षिणेचं. २०२२ मध्ये १६ मेचं दक्षिणेला दिसलं, ८ नोव्हेंबरचं उत्तरेला. ही वाटणी मला फार आवडते. भूगोलाच्या तासाला पृथ्वीगोल आणि दिवा घेऊन मुलांना ती दाखवता येते.

आता मैत्रीबद्दल. १९८९ पासून चालू असलेलं हे आपलं केंद्र दक्षिण अक्षांश पावणेएकाहत्तर अंशांवर, शिरमाकर ओॲसिस नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यात आहे. मी तिथे हवामान निरीक्षक होतो. दर तीन तासांनी तापमान, वायुदाब, वारा, दृश्यमानता आणि ढग यांची नोंद करायची, मग रात्र असो की दिवस. या वेळा जगभर एकच, ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे असतात. त्यामुळे २७ जुलै २०१८ ला रात्री नऊची नोंद नेमकी खग्रास अवस्थेत येणार, हे मला आधीपासून माहीत होतं. साडेसातला संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जाणं), आठ वाजून एकवीस मिनिटांनी ग्रहणमध्य, सव्वानऊच्या जरा आधी उन्मीलन (चंद्राची कड पुन्हा उजळणं). खग्रास स्थिती १०३ मिनिटांची, एकविसाव्या शतकातली सगळ्यात लांब.

सूर्य नुकताच परतला होता. भर दुपारी उत्तरेला क्षितिजावर जेमतेम कड दाखवायची आणि खाली जायचं, एवढंच त्याचं दर्शन. त्याच वेळी चंद्र दक्षिणेच्या क्षितिजाला टेकलेला असायला हवा, पण मैत्रीच्या दक्षिणेला हिमस्तराचा उतार चढत जातो, म्हणून तो दिसत नव्हता. संध्याकाळी ईशान्येला मात्र चांगला वर आला. आकाश स्वच्छ होतं. वारा तिथल्या मानाने नरम, तापमान उणे वीसच्या खाली.

पौर्णिमेच्या रात्री तिथे किती उजेड असतो, हे न पाहिलेल्या माणसाला सांगणं कठीण आहे. खाली सगळं पांढरं आणि हवेत धूळ जवळजवळ नाही. वहीतली अक्षरं विजेरीशिवाय लागतात. तापमापकांची स्टीव्हन्सन पेटी चार पायांवर उभी असते. तिच्या झडपांच्या फटी बर्फावरच्या सावलीत वेगवेगळ्या मोजता येत होत्या. मी त्या सावलीवरच नजर ठेवायची असं ठरवलं होतं. चंद्राकडे तर सगळेच बघतात, पण ग्रहण जमिनीवर काय करतं ते फारसं कुणी टिपत नाही.

स्पर्श सहा वाजून चोवीस मिनिटांनी झाला. चंद्रबिंबाची उजवीकडची, जरा खालची कड आधी काळवंडली. उत्तर गोलार्धातून पाहताना ती डावीकडून काळवंडते. दक्षिणेत आपण उत्तरेकडे तोंड करून उभे असतो, म्हणून बिंब उलटं दिसतं. पहिला अर्धा तास जमिनीवर काहीच कळलं नाही. अर्धं बिंब गेलं तरी पेटीची सावली स्पष्ट होती, फक्त फटी एकमेकींत मिसळू लागल्या होत्या. शेवटच्या दहाबारा मिनिटांत मात्र सगळं भराभर बदललं. बर्फाचा निळसर पांढरेपणा गेला आणि राखाडी रंग आला. सावलीच्या कडा विरल्या, मग सावलीच राहिली नाही. पेटी कुठे संपते आणि बर्फ कुठे सुरू होतो, हे कळेना.

वर पाहिलं तर आकाश भरून गेलं होतं. माझ्या लेखी ध्रुवावरच्या चंद्रग्रहणाचं खरं देणं हेच. खग्रास अवस्थेत चंद्राचा उजेड दहा हजार पटींनी, कधी त्याहूनही जास्त कमी होतो. ध्रुवाच्या हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास चंद्र हटतच नाही, तेवढे दिवस ताऱ्यांवर आणि अरोरावर, म्हणजे ध्रुवीय आकाशातल्या रंगीत प्रकाशावर, पाणी सोडावं लागतं. ग्रहण ते आकाश तासदीड तासासाठी परत देतं. आकाशगंगेचा मध्यभाग उत्तरेला चांगला वर होता आणि तिथला धुळीचा काळा पट्टा सलग दिसत होता. वायव्येला गुरू, उत्तरेला शनी आणि ईशान्येला तांबूस चंद्र. चंद्राच्या वर सहाएक अंशांवर मंगळ होता. त्याची प्रतियुती, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर येणं, त्याच दिवशी होती, त्यामुळे तो विलक्षण तेजस्वी होता. मंगळावर तेव्हा धुळीचं ग्रहव्यापी वादळ चालू होतं आणि त्याचा रंग नेहमीपेक्षा पिवळट वाटत होता. दक्षिणेच्या बाजूला अरोराची फिकट हिरवी कमान होती. सूर्यावरच्या हालचाली मंदावलेल्या असण्याचा तो काळ होता, त्यामुळे नाचणारे पडदे नव्हते, हललेल्या ढगासारखा एक पट्टा होता फक्त. पण चंद्र पूर्ण असता तर तोही दिसला नसता.

नऊच्या नोंदीसाठी मी दहा मिनिटं आधी वॉकीटॉकीवर कळवून पुन्हा निघालो. हिवाळ्यात बाहेर पडताना कळवायचं आणि आत आल्यावर पुन्हा कळवायचं, हा नियम ग्रहणाच्या रात्रीही तसाच. रात्री ढग मोजायचे म्हणजे कुठले तारे झाकले गेलेत ते बघायचं. आकाशाचे आठ भाग कल्पून किती भाग झाकलेत ते लिहायचं. त्या रात्री नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘खग्रास ग्रहण, चांदणं नाही’ असं लिहिलं. पुढच्या पाळीचा माणूस सहाच्या आणि नऊच्या नोंदी शेजारी ठेवून बघेल, तर उजेडातला फरक त्याला उमगायला हवा होता. माझ्यानंतर बाकीचे सहकारीही बाहेर आले. आमच्या लीडरनी केंद्राबाहेरचे दिवे तेवढ्यापुरते बंद करायला सांगितले होते. ही गोष्ट छोटी, पण तिच्यामुळे सगळ्यांनाच ते आकाश मिळालं.

प्रश्न : ‘‘ध्रुवावर चंद्र दोन-दोन आठवडे मावळत नाही असं वाचलं. मग तिथे ग्रहणही जास्त वेळ चालतं का?’’ (नववीतली विद्यार्थिनी)

उत्तर : नाही. ग्रहण चंद्राला लागतं, आपल्याला नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते आणि चंद्र त्या सावलीतून पार होतो. ज्यांना ज्यांना तेव्हा चंद्र दिसतो, त्या सगळ्यांसाठी ते एकाच क्षणी सुरू होतं आणि एकाच क्षणी संपतं. सूर्यग्रहणात असं नसतं. तिथे चंद्राची सावली पृथ्वीवरून सरकत जाते, म्हणून गावागणिक वेळ बदलते.

ग्रहण किती लांबणार हे चंद्र सावलीच्या मधून जातो की कडेने, आणि तो किती वेगात आहे, यावर ठरतं. २७ जुलै २०१८ ला तो सावलीच्या जवळजवळ मधून गेला. शिवाय त्याच दिवशी तो पृथ्वीपासून दूरच्या बिंदूला होता, म्हणजे बिंब लहान आणि गती मंद. म्हणून स्पर्शापासून मोक्षापर्यंत ३ तास ५५ मिनिटं लागली. याउलट २६ मे २०२१ ला खग्रास स्थिती पाव तासही टिकली नव्हती, कारण चंद्र सावलीच्या कडेकडेने गेला.

तुझ्या प्रश्नात एक वेगळी गंमत दडलेली आहे, ती सांगतो. अगदी ध्रुवबिंदूवर उभं राहिलीस तर चंद्र वर चढत नाही आणि खाली उतरत नाही, तो क्षितिजाला समांतर फिरत राहतो. २०१८ च्या त्या ग्रहणात दक्षिण ध्रुवावर चंद्राची उंची सुमारे एकोणीस अंश होती आणि पूर्ण ग्रहणभर साधारण तेवढीच राहिली. तेवढ्या वेळात तो क्षितिजाच्या कडेने सुमारे सत्तावन्न अंश सरकला. मध्यम अक्षांशांवर उगवतीपासून मावळतीपर्यंत चंद्राचे डाग हळूहळू कलतात. ध्रुवावर बिंबाचा कलही बदलत नाही. त्यामुळे सावली चंद्रावर कुठून कुठे सरकली, हे ध्रुवावर जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही.

आणि तारखेचं बघ. दक्षिण ध्रुवावरचं अ‍ॅमंडसन-स्कॉट केंद्र न्यूझीलंडच्या घड्याळावर चालतं, कारण विमानं आणि सामान तिकडून येतं. म्हणून तिथल्या लोकांच्या दृष्टीने ग्रहणमध्य २८ जुलैला सकाळी आठ वाजून एकवीस मिनिटांनी आला, ऐन न्याहारीच्या वेळी! बाहेर अर्थातच मिट्ट काळोख. हिवाळ्यात त्या केंद्राच्या खिडक्या आतून झाकलेल्या असतात, कारण अरोरा टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना दिव्यांचा त्रास होतो. ग्रहण बघायचं तर अंगावर थरावर थर चढवून बाहेरच यावं लागतं.

प्रश्न : ‘‘सूर्य आणि ग्रहण लागलेला चंद्र एकाच वेळी आकाशात दिसू शकतात का? मित्र म्हणतो अशक्य, कारण ते बरोबर समोरासमोर असतात. ध्रुवावर तरी हे घडतं का?’’

उत्तर : मित्राचं गणित बरोबर आहे, पण त्याने हवा धरली नाही. क्षितिजाजवळच्या किरणांना वातावरण वाकवतं आणि सूर्यचंद्र आहेत त्यापेक्षा सुमारे अर्धा अंश वर दिसतात. दोघंही एकाच वेळी उचलले जातात. त्यामुळे सूर्योदय किंवा सूर्यास्ताच्या वेळी जिथे ग्रहण चालू असतं, तिथे काही मिनिटं दोन्ही दिसू शकतात. ध्रुवाकडे सूर्य तिरका, जवळजवळ आडवा मावळतो, म्हणून ही मिनिटं वाढतात. प्रत्यक्ष ध्रुवबिंदूवर मात्र त्यासाठी ग्रहण विषुवदिनाच्या एकदोन दिवसांच्या आतच यावं लागतं. तसं आलं तर एका बाजूला सूर्य आणि समोर तांबडा चंद्र, दोघंही क्षितिजाला चिकटून सगळं ग्रहणभर राहतील.

यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. ध्रुवीय हिवाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा पुष्कळ थंड असते. अशा थरांमध्ये प्रकाश नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाकतो. विलेम बॅरेन्ट्सच्या डच तुकडीने १५९६-९७ चा हिवाळा नोवाया झेम्ल्या बेटावर लाकडी झोपडीत काढला. २४ जानेवारी १५९७ ला त्यांना सूर्याची कड दिसली, अपेक्षेपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी. गेरिट डे वीर याने ते रोजनिशीत लिहिलं आणि परतल्यावर अनेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचं जहाज बर्फात अडकलं होतं तेव्हा, मे १९१५ मध्ये, हिवाळ्यापुरता गेला असं धरलेला सूर्य पुन्हा वर आलेला त्याच्या लोकांनी पाहिला. तेव्हा ध्रुवाकडे क्षितिजाजवळच्या ग्रहणात चंद्रोदय-चंद्रास्ताच्या छापील वेळेवर फार विसंबू नका. चंद्र अगदी खाली असेल तर तो चपटा, कडा तुटलेला, कधी आडव्या चकत्यांचा बनल्यासारखाही दिसतो. तो आकार पाहून ग्रहणाची सावली समजू नका.

प्रश्न : ‘‘पूर्वीचे ध्रुवीय प्रवासी ग्रहणांचा काही उपयोग करायचे, की नुसतं बघायचे?’’

उत्तर : उपयोग होता, आणि जीवनमरणाचा होता. रेखांश काढायचा म्हणजे दूरच्या एखाद्या ठिकाणी आत्ता किती वाजलेत ते कळायला हवं. जहाजावरचं क्रोनोमीटर, म्हणजे अचूक घड्याळ, थंडीत मागेपुढे झालं की रेखांश चुकला. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी घडतं, म्हणून ते आकाशातलं घड्याळच. आपली स्थानिक वेळ आणि ग्रहणाच्या छापील कोष्टकातली ग्रीनिचची वेळ यांच्यातल्या दर तासाच्या फरकाला पंधरा अंश रेखांश.

अडचण अशी की पृथ्वीच्या सावलीची कड धूसर असते आणि स्पर्शाचा क्षण ठरवताना मिनिटभराची चूक सहज होते. मिनिटाची चूक म्हणजे पाव अंश. विषुववृत्तावर पाव अंश रेखांश म्हणजे जवळपास २८ किलोमीटर, पण ८० अंश अक्षांशावर तेच अंतर पाच किलोमीटरच्याही आत येतं, कारण रेखावृत्तं तिथे एकमेकांजवळ आलेली असतात. म्हणजे ही कामचलाऊ पद्धत ध्रुवाजवळ जास्त उपयोगी पडते. सूर्यग्रहणाची वेळ अधिक नेमकी घेता येते. नॉर्वेच्या नॅन्सेन या ध्रुवीय प्रवाशाच्या ‘फ्राम’ जहाजावरच्या लोकांनी बर्फाबरोबर वाहत असताना ६ एप्रिल १८९४ चं सूर्यग्रहण दुर्बिणी रोखून टिपलं आणि आपली घड्याळं त्यावर तपासून घेतली.

प्रश्न : ‘‘खग्रास चंद्र लाल का दिसतो ते माहीत आहे. पण काही छायाचित्रांत कडेला निळा पट्टा दिसतो, तो खरा की कॅमेऱ्याची करामत? आणि अंटार्क्टिकावरच्या ओझोन विवरामुळे रंग बदलतो का?’’

उत्तर : निळा पट्टा खरा आहे, आणि तो ओझोनचाच आहे. पृथ्वीच्या कडेने खालच्या हवेतून वाकून जाणाऱ्या प्रकाशातला निळा भाग विखुरला जातो आणि उरलेला तांबडा सावलीच्या आतल्या भागात पोचतो. त्याच्या वरून, स्थितांबर या वातावरणाच्या वरच्या थरातून जाणारा प्रकाश ओझोनच्या थराला घासून जातो. ओझोन नारिंगी-तांबडा भाग शोषतो, म्हणून तिथून निळसर प्रकाश बाहेर पडतो आणि तो सावलीच्या कडेशी पडतो. संमीलनाच्या जरा आधी आणि उन्मीलनाच्या जरा नंतर द्विनेत्रीतून चंद्राची उजळ कड पाहा, नुसत्या डोळ्यांपेक्षा ती छटा चटकन सापडते.

विवराचं म्हणाल तर आधी हे बघा की तो प्रकाश पृथ्वीवर कुठून जातो. जिथे त्या क्षणी सूर्य उगवतोय किंवा मावळतोय, त्या गोल कडेवरून. जून-जुलैच्या ग्रहणात दक्षिण ध्रुवाचा आतला प्रदेश त्या कडेपासून बराच आत, गडद रात्रीत असतो. तिथला माणूस त्याच सावलीत उभा असतो जिचं दुसरं टोक चंद्रावर पडलेलं आहे. त्याच्या डोक्यावरची हवा त्या प्रकाशाच्या वाटेतच येत नाही. ओझोनचं विवर ऑगस्टपासून वाढतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठं होतं. सप्टेंबरातल्या ग्रहणात, उदाहरणार्थ ७ सप्टेंबर २०२५ च्या, ती कड ध्रुवापासून सहाएक अंशांवरून जाते. तरीही ध्रुवाजवळचा तुकडा म्हणजे संपूर्ण कडेचा लहानसा भाग.

रंगावर खरा ठसा उमटवतात ते ज्वालामुखी. आगुंग पर्वताच्या उद्रेकानंतर ३० डिसेंबर १९६३ चं आणि पिनातुबोनंतर ९ डिसेंबर १९९२ चं ग्रहण इतकं काळं झालं की चंद्र शोधावा लागला. आंद्रे दाँजाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने यासाठी ० ते ४ अशी मोजपट्टी दिली आहे. ० म्हणजे ग्रहणमध्याला जवळजवळ अदृश्य, २ म्हणजे गडद तांबडा, ४ म्हणजे उजळ तांबूस-नारिंगी. मैत्रीवरच्या त्या रात्री मी वहीत २ लिहिलं होतं. तुम्हीही लिहा, कारण ही नोंद करायला डोळे पुरतात.

प्रश्न : ‘‘मला ध्रुवीय प्रदेशातून चंद्रग्रहण बघायचं आणि छायाचित्रं काढायची आहेत. अंटार्क्टिकाला कधी जावं? कॅमेऱ्याची काय काळजी घ्यावी?’’

उत्तर : अंटार्क्टिकाचा विचार सोडा. पर्यटकांची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च जातात. तो तिथला उन्हाळा, आणि वर सांगितल्याप्रमाणे तेव्हा खोल दक्षिणेला चंद्रग्रहण दिसत नाही. २६ जून २०२९ ला १०२ मिनिटांची खग्रास स्थिती आहे, धनु राशीत, आकाशगंगेच्या ऐन मध्यभागाजवळ. मैत्रीवरून तेव्हा चंद्र तीसएक अंश वर असेल. ते ग्रहण त्या वर्षी तिथे हिवाळा काढणाऱ्यांचं आहे, आणि मला त्यांचा मनापासून हेवा वाटतो.

तुम्ही उत्तरेला जा. ३१ डिसेंबर २०२८ ला ७१ मिनिटांची खग्रास स्थिती आहे, ग्रहणमध्य नॉर्वेच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी. तेव्हा उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो आणि त्याच्याही उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन, दोन्ही ठिकाणी चंद्र पूर्वेला सुमारे बावीस अंशांवर असेल. ट्रोम्सोला स्पर्शाच्या वेळी तो जेमतेम तेरा अंशांवर असेल आणि तिथे चहूकडे डोंगर आहेत, तेव्हा पूर्व मोकळी असलेली जागा दिवसाउजेडी, म्हणजे दुपारच्या संधिप्रकाशात हेरून ठेवा. पुढचं २० डिसेंबर २०२९ चं. त्याची खग्रास स्थिती ५४ मिनिटांचीच, पण ग्रहणमध्य मध्यरात्रीच्या थोडं आधी असल्याने चंद्र खूप वर असेल. लाँगइयरब्येनला पस्तीसएक अंश, ट्रोम्सोला त्याहून वर. दोन्ही तारखा ध्रुवीय रात्रीतल्या आहेत.

दोहोंत निवड करायची तर मी ट्रोम्सो घेईन. कारण ढग. किनाऱ्यावर ढग आले तर गाडीने आत, डोंगरांच्या आडोशाला असलेल्या स्किबोट्नकडे किंवा पुढे फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीकडे जाता येतं. तिकडची हवा कोरडी असते. लाँगइयरब्येनहून रस्ते कुठेच जात नाहीत आणि वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलांचा धोका असतो, त्यामुळे शस्त्रधारी वाटाड्याशिवाय बाहेर पडू नये. ध्रुवाला जायचं म्हणजे शेवटचा शब्द हवामानाचा, हे मी व्यवसायाने सांगतो. तीन-चार दिवस हाताशी ठेवून जा.

आता सामान. लिथियमच्या बॅटऱ्या थंडीत झपाट्याने बसतात, म्हणून जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. बसलेली बॅटरी ऊब लागली की बऱ्याचदा पुन्हा चालते, फेकू नका. तिपाईच्या सांध्यांतलं आणि लेन्सच्या कड्यांतलं वंगण घट्ट होतं. फोकस आत असतानाच साधारण बसवून घ्या आणि बाहेर एखाद्या ताऱ्यावर पक्का करून चिकटपट्टीने बांधून टाका. रिमोटची वायर कडक होऊन मोडते, कॅमेऱ्यातलाच टायमर वापरा. उघड्या बोटांनी धातूला हात लावू नका, कातडी चिकटते. पातळ हातमोजे आत आणि जाड मिटन वर, असं करा.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो आपला श्वास. डोळा नेत्रिकेला लावला की बाहेर पडलेली वाफ क्षणात काचेवर गोठते आणि एकदा थर बसला की पुसून जात नाही, उलट काच खरवडली जाते. बघताना श्वास धरायचा, मान बाजूला वळवून सोडायचा. नाकातोंडावरचा रुमाल वाफ वर डोळ्यांकडे पाठवतो, तोही बघताना खाली ओढा.

विषुववृत्ती माउंट (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारी बैठक) नेणार असाल तर त्यावरची अक्षांशाची पट्टी आधी तपासा. अनेक माउंट साठ-पासष्ट अंशांपर्यंतच कलतात, सत्तर किंवा अठ्ठ्याहत्तरला पोचत नाहीत. एवढ्या उत्तरेला अक्ष जवळजवळ उभाच असल्यामुळे साध्या तिपाईवर नुसतं आडवं फिरवत राहिलं तरी चंद्र चौकटीत राहतो. पूर्ण चंद्राला सेकंदाचा दोनशे-अडीचशेवा भाग पुरतो, खग्रास चंद्राला एकदोन सेकंद आणि वाढवलेला आयएसओ लागतो. संमीलनाच्या आसपास उजेड मिनिटागणिक बदलतो, तेव्हा दर फोटोला वेळ वाढवत न्या. आणि एक कॅमेरा रुंद लेन्स लावून पूर्ण आकाशाकडे सोडून द्या. अरोरा आला तर तो पकडायला तोच कामी येईल.

परत आत येताना कॅमेरा तसाच उबदार खोलीत नेऊ नका. बाहेर असतानाच मेमरी कार्ड काढून घ्या, कॅमेरा आणि लेन्स हवाबंद पिशवीत घाला, तोंड बंद करा आणि पिशवीसकट आत ठेवा. दव पिशवीच्या बाहेरून धरेल, आत नाही. दोन-तीन तास पिशवी उघडायची नाही.